एक हजार नऊशे बारा बाइट

एप्रिलमधल्या एका शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, सविता अडकमोल यांनी एकशे ऐंशी पेट्या अडवल्या. पेट्यांत प्रोग्रॅम भरून झाला होता, खोक्यांना चिकटपट्टी लागली होती आणि सोमवारी सकाळी सहाला टेम्पो यायचा होता. कारण विचारलं तेव्हा त्यांनी दाराजवळच्या पांढऱ्या फळ्याकडे बोट दाखवलं. फळ्यावर दोन आकडे होते. पेटीतल्या जुन्या प्रोग्रॅमचा आकार एकोणतीस हजार चारशे चाळीस बाइट. नव्याचा सत्तावीस हजार पाचशे अठ्ठावीस.

"नव्यात आपण काम वाढवलंय. काढलेलं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "मग तो एक हजार नऊशे बारा बाइटनं लहान कसा झाला?"

हे जळगावच्या औद्योगिक वसाहतीतलं एक पत्र्याचं शेड. इथे केळीच्या बागांतले ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणारी-बंद करणारी यंत्रं बनतात. शेतकरी त्यांना पेटी म्हणतात, म्हणून शेडमध्येही सगळे पेटीच म्हणतात. शेडचे मालक हितेंद्र भोळे. माणूस तापट नाही, पण रावेर आणि यावलकडच्या दुकानदारांना त्यांनी सोमवारचा शब्द दिला होता.

"ताई, ऑक्टोबरात चाळीस बाइट वाढले म्हणून तुम्ही माल थांबवला होता," ते म्हणाले. "चार दिवस. काय निघालं?"

"कंपायलर नवा होता. बाकी काही नव्हतं."

"मग?"

"तेव्हा वाढले होते, हितेंद्रभाऊ. आता कमी झालेत."

टेबलापलीकडून राकेश झांबरे हसला. राकेश सव्वीस वर्षांचा, भुसावळचा, इंजिनिअर. नवा प्रोग्रॅम त्याच्याच हातचा. "अक्का, वजन उतरलं तर लोक पेढे वाटतात," तो म्हणाला.

"कशानं उतरलं ते माहीत असेल तर वाटतात. नसेल तर डॉक्टरकडे जातात."

हितेंद्र भोळे यांनी रविवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. तोवर काही सापडलं नाही तर टेम्पो ठरल्याप्रमाणे निघणार होता. आणि पुढच्या वेळेपासून माल सोडायचा की नाही हे राकेश ठरवेल, असंही ते म्हणाले. म्हणाले हळूच, पण सगळ्यांसमोर.

सविता अडकमोल चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत. माहेर बोदवडचं. वडील रेल्वेत होते, रोज ठरलेलं अंतर रूळ तपासत चालायचे. या दोन कामांचा संबंध कुणी जोडला तर त्यांना आवडत नाही. "त्यांना सैल झालेला बोल्ट दिसायचा," त्या म्हणतात. "मला दिसत नाही ते शोधायचं असतं." दहावीनंतर त्या मामांकडे धुळ्याला राहिल्या आणि तिथून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. पुढचं शिक्षण झालं नाही. काही वर्षं टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काढली आणि दोन हजार दहा साली त्या या शेडमध्ये आल्या, त्या सर्किटला टाके मारण्याच्या कामावर. सी भाषा त्या इथेच शिकल्या, तोताराम देवरे यांच्याकडून.

तोताराम देवरे, म्हणजे सगळ्यांचे नाना, धुळ्याच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आज ते ऐंशीच्या घरात आहेत आणि धुळ्यातच असतात. पेटीतल्या चिपमध्ये जागा अगदी थोडी. विकत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यात मावेना, तेव्हा नानांनी स्वतःच एक लिहिली. तिचं काम साधं आणि अवघड आहे. चिप एकच, तिच्याकडून आळीपाळीनं चार कामं करून घ्यायची. घड्याळ बघायचं, ओलावा मोजायचा, व्हॉल्व्ह फिरवायचे, मोबाइलवरून आलेला निरोप वाचायचा. कुणाची पाळी किती वेळ आणि कुणी मध्ये घुसायचं, हे ती ठरवते. सात हजार ओळींची ही सिस्टिम सुरुवातीला एका जातीच्या पेटीसाठी होती. पुढे बाजारात चिप मिळेनाशा झाल्या, जी मिळेल ती घ्यावी लागली, आणि पेटीच्या अकरा जाती झाल्या.

अकरा जातींसाठी अकरा प्रोग्रॅम लिहिले तर एक दुरुस्ती अकरा ठिकाणी करावी लागते. म्हणून प्रोग्रॅम एकच ठेवतात आणि त्यात अटी घालतात. अमुक नाव सेटिंगच्या फाइलमध्ये दिलेलं असेल तर पुढच्या वीस ओळी ठेव, नसेल तर काढून टाक. ही काटछाट कंपायलर कामाला लागण्याआधीच होते. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत नेणारा. एक साधी चूक दिसली तरी तो काम थांबवतो आणि ओळ क्रमांकासह तक्रार करतो. पण काढून टाकलेल्या ओळी त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यांच्याबद्दल तो काय बोलणार?

शेडमधले बाकीचे लोक आपापल्या जातीच्या पेटीचा प्रोग्रॅम तेवढा बांधून, म्हणजे चिपच्या भाषेत नेऊन, बघतात. सविता अडकमोल गेली बारा वर्षं रोज घरी जाण्याआधी अकराही जातींचे बांधतात आणि प्रत्येकाचा आकार बघतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. एका जातीसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या जातीत काय मोडते हे एरवी बागेतच कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्या कामाची टिपणं करत नाहीत, समजावून सांगायचा त्यांना कंटाळा आहे, आणि "बघू" या शब्दावर त्या तासन्‌तास गप्प बसू शकतात. राकेशची खरी तक्रार तीच होती.

या वेळी नव्या प्रोग्रॅमला फक्त एकाच जातीसाठी बांधलं होतं, कारण एकशे ऐंशी पेट्या त्याच जातीच्या होत्या, आणि राकेशचं काम त्यांच्या हातात शुक्रवारी उशिरा आलं होतं. शनिवारी दुपारी सविता अडकमोल यांनी तो अकराही जातींसाठी बांधला. अकराच्या अकरा आकार कमी भरले. कुठे अठराशे, कुठे दोन हजार.

"एकाच जातीत कमी असता तर मी त्या जातीची पेटी तेवढी बघितली असती," त्या राकेशला म्हणाल्या. "सगळ्यांत कमी आहे. म्हणजे जे सगळ्यांना मिळतं त्यातलं काहीतरी गेलंय."

"अक्का, तपासणीत सगळं पास आहे. एकही नापास नाही."

"पास किती?"

राकेशनं पडद्यावर बघितलं. "दोनशे नऊ."

"मागच्या वेळी?"

तो जरा वेळ शोधत राहिला. "दोनशे बारा," तो म्हणाला, आणि त्यानंतर त्यानं पेढ्यांचा विषय काढला नाही.

आता शोधायचं होतं ते प्रोग्रॅममध्ये नव्हतं. म्हणजे लिहिलेलं होतं, पण काटछाटीत गेलं होतं. अशा वेळी लिहिलेला प्रोग्रॅम वाचून उपयोग होत नाही. त्यात सगळं जागच्या जागी दिसतं. सविता अडकमोल यांनी कंपायलरला अर्ध्यात थांबवलं. काटछाट झाल्यानंतरचा, चिपच्या भाषेत जाण्याआधीचा मजकूर बाहेर काढला. जुन्याचा आणि नव्याचा, दोन्ही. दोन्ही शेजारी ठेवून त्या वाचू लागल्या. एकेका फाइलचा असा मजकूर हजारो ओळींचा होतो आणि वाचायला रुक्ष असतो. फाइली एकतीस. शेडच्या पत्र्याखाली दुपारी पंखा गरम हवाच फिरवतो. चारच्या चहालाही त्या उठल्या नाहीत.

सव्वापाचला सतराव्या फाइलमध्ये त्यांना एक भोक सापडलं. जुन्या मजकुरात जिथे एकशे तेवीस ओळी होत्या, तिथे नव्यात एक रिकामं काम होतं: नाव तेच, आत काही नाही. ही नानांची जुनी पद्धत. एखादा भाग वगळला तर त्याच्या जागी त्याच नावाचं रिकामं काम ठेवायचं, म्हणजे त्याला हाक मारणारा बाकीचा प्रोग्रॅम अडत नाही. म्हणूनच कुठे काही अडलं नव्हतं.

त्या एकशे तेवीस ओळी वीज परत आल्यानंतरच्या होत्या.

शेतातली वीज पाळीनं येते आणि पाळीतही जाते-येते. वीज आली की पेटी नव्यानं सुरू होते. गेली तेव्हा कोणता व्हॉल्व्ह उघडा होता, किती मिनिटं उरली होती, हे आठवून तिनं तिथून पुढे चालायचं असतं. या ओळी नसल्या तर पेटी जागी होते, सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवते आणि दुसऱ्या दिवसाच्या वेळेची वाट बघते. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, घड टाकलेल्या बागेला असे दोन दिवस गेले तर त्या घडाचं पुढे काही खरं नसतं. शेडमध्ये इन्व्हर्टर आहे. तिथे वीज जातच नाही.

त्या ओळींवर अट होती ती एका शब्दाची. बठ्ठा.

धुळ्याकडच्या अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळा. नानांनी सगळ्या पेट्यांना मिळणाऱ्या भागासाठी हेच नाव ठेवलं होतं. बोदवडकडे हा शब्द नाही; सविता अडकमोल यांनी तो पहिल्यांदा ऐकला मामांच्या घरी, आणि मामींनी "बठ्ठा भांडा घास" सांगितल्यावर त्या एक भांडं घासून उठल्या होत्या. भुसावळच्या राकेशला तर तो कॉम्प्युटरवरच भेटला. नवं काम जोडताना त्यानं सेटिंगची फाइल पहिल्यापासून नीटनेटकी लिहून काढली, आणि तिथे बठ्ठा आपल्या कानाप्रमाणे लिहिला: बी, ए, टी, टी, एच, ए. नानांच्या ओळींत होतं बी, ए, टी, एच, टी, एच, ए. मोठ्यानं वाचलं तर दोन्ही बठ्ठाच. राकेशचं काम शेडमधल्या दोघांनी मोठ्यानं वाचून तपासलंही होतं.

यंत्राला उच्चार नसतो. अट विचारते, हे नाव दिलंय का? नाही. मग ओळी काढ. नाव दिलेलं नसणं ही सी भाषेत चूक मानली जात नाही, कारण पुष्कळदा ते मुद्दामच दिलेलं नसतं. आणि त्या ओळींची तपासणी करणाऱ्या तीन चाचण्याही त्याच नावाच्या अटीखाली होत्या. भाग गेला तशा त्याही गेल्या. उरलेल्या दोनशे नऊ पास झाल्या.

त्यांनी धुळ्याला फोन लावला.

"नाना, बठ्ठा इंग्रजीत कसं लिहिता तुम्ही?"

"कसं लिखतस म्हंजे? बठ्ठा!"

"एक एक अक्षर सांगा."

नानांनी सांगितलं. "दोनदा ठ शे ना? मंग दोनदा टी-एच."

"इथे राकेशनं एकदाच टी-एच दिलंय."

नाना म्हणाले, "म्हंजे शब्द आमना आणि स्पेलिंग भुसावळनं?" आणि इतकं हसले की त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, "लाईन येवावरना भाग गया का?"

"तोच गेला."

"माल बाहेर गया का?"

"नाही. सगळा इथेच आहे."

राकेश समोर उभा होता. फोन ठेवेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "अक्का, सगळा नाही. अकरा पेट्या हाच प्रोग्रॅम भरून मागच्या आठवड्यातच दिल्यात. रावेरकडे, कुंदाबाई महाजनांच्या बागेत. नमुना म्हणून. मीच लावून आलो."

सविता अडकमोल यांनी त्याच्याकडून नंबर घेतला आणि कुंदाबाईंना फोन केला. कुंदाबाई महाजन साठीच्या आहेत, केळीची बाग स्वतः बघतात.

"पेटी कशी चालते, कुंदाबाई?"

"चालते ना माय. लाईन गेली का इसरते फक्त. मंग मी जाते अन् हातानं खोलते."

"कधीपासून?"

"लावली तवापासून. आठ दिस झाले."

"रात्रीच्या पाळीलाही?"

"मंग? केळी काय रातची पानी पेत नाई?"

"फोन का नाही केलात?"

"मले वाटलं माह्यंच बटन चुकते. तुमच्या त्या पोरानं इतकं समजावून सांगेल व्हतं. पुन्हा इचारलं तर म्हनीन, म्हातारीले काई येत नाई."

राकेशला पलीकडचं सगळं ऐकू आलं होतं. सविता अडकमोल यांनी कुंदाबाईंना सांगितलं की चूक बटनाची नाही, पेटीची आहे, आणखी दोन रात्री हातानं उघडा, सोमवारी मी येते. मग त्या राकेशकडे वळल्या.

"तुझं स्पेलिंग चूक नाही. नानांचंही नाही. पण दोन्ही चालून गेली, ते चूक आहे. ते बदलायचं."

एक अक्षर दुरुस्त करून माल सोडता आला असता. हितेंद्र भोळे यांनी तेच सुचवलं. सविता अडकमोल यांचा प्रश्न वेगळा होता: असे शब्द आणखी किती आहेत? नानांनी नावं ठेवली होती ती अहिराणीत, नंतर आलेल्यांनी मराठीत, राकेशनं इंग्रजीत, आणि सगळी रोमन लिपीत, ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे.

मग शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी दोघांनी बसून प्रोग्रॅममधल्या सगळ्या अटी बदलल्या. तीनशे सोळा. आधीची अट विचारत होती, हे नाव दिलंय का? नवी विचारते, या नावाची किंमत काय, एक की शून्य? प्रत्येक नाव सेटिंगच्या फाइलमध्ये असलंच पाहिजे. भाग हवा असेल तर एक, नको असेल तर शून्य. आणि यादीत नसलेलं नाव भेटलं तर काम तिथेच थांबव, असा हुकूम कंपायलरला. राकेश ओळी बदलत होता, त्या मागून तपासत होत्या. या वेळी वाचन मोठ्यानं नव्हतं. प्रत्येक नाव सुटं, अक्षर अक्षर.

"अक्का, हे काम आपण आधी का नाही केलं?" राकेशनं मध्येच विचारलं.

"मला पाच वर्षांपूर्वी सुचलं होतं," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नाही. माझीही चूकच ती."

नव्या अटींवर पहिल्यांदा बांधायला घेतलं तेव्हा काम नऊ ठिकाणी थांबलं. सहा नावं बंद पडलेल्या जुन्या पेट्यांची होती. दोन दिव्यांची, दिवा लागत नव्हता आणि दोन वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं. नववं नाव पाणी. नानांनी अहिराणीप्रमाणे पानी लिहिलेलं, ए एकदा. दुसऱ्या कुणी ए दोनदा. विहिरीत पाणी नसेल तर पंप बंद करण्याचा भाग होता तो, आणि एका जातीच्या पेटीत तो मुळातच आलेला नव्हता. त्या जातीच्या पेट्या या मालात नव्हत्या. पण त्या बागांत लागलेल्या होत्या, चाळीस तरी.

हितेंद्र भोळे रविवारी दुपारी आले तेव्हा राकेश आणि शेडमधले दोघे खोकी फोडत होते. चाचण्या आता दोनशे बारा होत्या आणि फळ्यावर नवा आकडा होता, तीस हजाराच्या जरा वर. राकेशनं वाढवलेलं काम अखेर आकारात दिसत होतं. एका पेटीला चार मिनिटं, दोन वायरी, एकशे ऐंशी पेट्या: सहा तास. भोळे यांनी हिशेब विचारला नाही. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तेही खोकी फोडायला बसले.

"ताई, त्या पाण्याच्या चाळीस पेट्यांचं काय?"

"दुकानदारांना उद्याच कळवा. विहिरीवर लक्ष ठेवायला सांगा. राकेश या आठवड्यात जाईल एकेक करून."

"चूक आपली होती असं सांगायचं?"

"नाहीतर ते आठ-आठ दिवस स्वतःचंच बटन तपासत बसतील."

सोमवारी सहाला टेम्पो निघाला. ड्रायव्हरशेजारी सविता अडकमोल बसल्या होत्या, मांडीवर लॅपटॉप आणि वायर घेऊन. दहाच्या आत त्या कुंदाबाईंच्या बागेत पोचल्या. अकरा पेट्या बांधाबांधानं लागलेल्या. प्रत्येकीत नवा प्रोग्रॅम भरायचा, पाणी सुरू करायचं, मेन स्विच पाडायचा, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा वीज द्यायची. कुंदाबाई डोक्यावर पदर घेऊन मागे मागे हिंडत होत्या.

पहिल्या पेटीला वीज परत दिली. दिवा लागला. काही सेकंद काहीच झालं नाही.

"इसरली," कुंदाबाई म्हणाल्या.

व्हॉल्व्ह खट्‌ वाजला आणि नळीत पाणी सरकू लागलं.

"थांबा जरा, आठवते ती," सविता अडकमोल म्हणाल्या.

अकरावी पेटी झाली तेव्हा दोन वाजत आले होते. कुंदाबाईंनी त्यांना सावलीत बसवलं, भाकरी आणि वांग्याचं भरीत पुढे ठेवलं, आणि विचारलं, "मंग आता रातची मी उठू नको ना?"

बागेकडे बघत सविता अडकमोल यांनी घास संपवला.

"आज एक रात्र उठा," त्या म्हणाल्या. "हातानं काही उघडू नका. नुसतं बघा. आणि ती विसरली तर किती का वाजले असेनात, मला फोन लावा."

"रातचा?"

"रातचा. आणि बटनाचं काही बोलू नका."

फोन त्या रात्री आला नाही. पहाटे साडेचारला आला. वीज रात्री तीनदा गेली होती, पहिल्या पेटीला तिन्ही वेळा आठवलं होतं, आणि हे सांगायला सकाळपर्यंत थांबायची कुंदाबाईंना गरज वाटली नव्हती. सविता अडकमोल यांनी ऐकून घेतलं आणि उरलेल्या दहा पेट्यांचं काय, असं विचारलं. कुंदाबाई म्हणाल्या, थांब, बघून येते.